बदनामी पुसली ती कागदांनी

संभाजी महाराजांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. शतकानुशतके या राजाची बदनामी झाली, बखरकारांनी केली, नाटककारांनी केली, आणि आपला समाज मुकाट ऐकत राहिला. आता ऐकून घेणार नाही. कुणी वावगे लिहिले, रंगवले, दाखवले तर ते मागे घ्यायला लावू, आणि नाही घेतले तर आम्हीच काय ते बघून घेऊ. याच भूमिकेतून 3 जानेवारी 2017 रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातला नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला गेला आणि त्याला न्याय म्हटले गेले. या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध साफ चुकीचा आहे, आणि पूर्वार्ध खरा आहे म्हणून उत्तरार्धही खपून जातो. संभाजीराजांच्या प्रतिमेचा गेल्या शंभर वर्षांतला प्रवास पाहिला, तर तो या दंडेलीच्या बाजूने नव्हे, तिच्या विरुद्ध साक्ष देतो. म्हणून हा प्रतिवाद.

आधी पूर्वार्ध. बदनामी झाली, हे निर्विवाद आहे. 1681 मध्ये राजांविरुद्धचा कट उघडकीस आला तेव्हा अण्णाजी दत्तोंबरोबर बाळाजी आवजी चिटणीस यांनाही देहान्त शिक्षा झाली. त्याच चिटणीस घराण्यातल्या मल्हार रामराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, बखर लिहिली. तिच्यातला संभाजी व्यसनी, उतावळा आणि बेभान आहे. घराण्यात रक्ताची जखम, मधे शतकभराचे अंतर आणि हाताशी बरीचशी ऐकीव माहिती, अशा अवस्थेत लिहिलेल्या मजकुराकडे किती सावधपणे पाहायला हवे होते! प्रत्यक्षात तोच मजकूर प्रमाण मानला गेला. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास'मध्ये तोच संभाजी भाषेचा साज लेवून रंगमंचावर आला. त्याच साच्यातली 'थोरातांची कमळा' 1941 मध्ये पडद्यावर आली. रियासतकार सरदेसायांसारख्या व्यासंगी इतिहासकारालाही या राजावरच्या खंडाला 'उग्रप्रकृति संभाजी' हेच नाव द्यावेसे वाटले.

याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ज्या राजाने चाळीस दिवस हाल सोसले पण मान तुकवली नाही, अशी ज्याची गोष्ट घराघरांत सांगितली जाई, तोच राजा नाटकाच्या तंबूत झिंगलेला दिसे. गावोगावच्या माणसाजवळ ना मोडीची विद्या होती, ना फारसीची, ना दप्तराची किल्ली. लिहिण्याची साधने ज्यांच्या हाती होती, त्यांनी आपल्या राजाला असे रंगवले, ही जाणीव टोचणारी आहे. ही वेदना खोटी आहे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की ती बदनामी पुसली कुणी आणि कशी?

ती पुसली वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. 1894 साली जन्मलेल्या या माणसाने संभाजीराजांच्या चरित्राची साधने गोळा करण्यात आयुष्याची जवळपास चाळीस वर्षे घातली आणि 1960 मध्ये 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ काढला. त्याच्या कितीतरी आधी, 1928 मध्ये, त्यांनी 'साधन-चिकित्सा' लिहून कोणता कागद किती विश्वासाचा, हे ठरवण्याची शिस्त मराठी वाचकांपुढे ठेवली होती. बखर खोटी आहे असे नुसते ओरडून ते थांबले नाहीत. बखरीतले एकेक विधान त्यांनी समकालीन पत्रे, शकावल्या, मोगलांच्या बातम्या, इंग्रज वखारवाल्यांचे आणि पोर्तुगीजांचे कागद यांच्यासमोर उभे केले, आणि जे टिकले नाही ते टिकत नाही असे सांगितले.

हे काम म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. सतराव्या शतकातला मोडी कागद समोर घ्या. लिहिणाऱ्याने आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढली आहे आणि मग अक्षरे तिला लटकवत नेली आहेत. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. तारखेच्या जागी 'खमस समानीन अलफ' असे शब्द येतात. ते अरबी अंक आहेत. पाच, ऐंशी आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1085. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून इसवी सन काढताना महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे. मिळालेले 1684-85 हे साल राजांच्या कारकिर्दीत बसते का, शिक्का त्यांचाच आहे का, पत्रातली माणसे त्या वेळी त्या ठिकाणी होती का, हे सगळे ताडून पाहायचे. एका कागदाला असे दिवसच्या दिवस लागतात, आणि बेंद्र्यांनी असे असंख्य कागद पाहिले. राजांच्या वतीने दिलेला सर्वांत मोठा लढा हाच आहे, आणि तो टेबलाशी बसून दिलेला आहे.

या कष्टातून जो राजा समोर आला तो बखरीतल्या संभाजीपेक्षा कितीतरी मोठा होता. 16 जानेवारी 1681 रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा त्याचे वय तेवीस. घरात सावत्र भावाला गादीवर बसवण्याचा डाव होऊन गेलेला, बाहेर जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज, आणि त्या सगळ्यांवर ताण म्हणजे अवघी मोगल सत्ता पाठीशी घेऊन दक्षिणेत उतरलेला औरंगजेब. या परिस्थितीत त्याने आठ वर्षे राज्य तगवले. रामशेजसारखा साधा किल्ला मोगलांना वर्षानुवर्षे दाद देईना. 1683 मध्ये फोंड्याला वेढा घालणाऱ्या पोर्तुगीज विजरईला हात हलवत परत जावे लागले आणि मराठे गोव्याच्या वेशीपर्यंत पोचले. ही बाजू पोर्तुगीज कागदांतून मराठीत आणण्याचे श्रेय गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांकडे जाते. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा, बाकरेशास्त्र्यांना संस्कृत दानपत्र देणारा, येसूबाईंच्या हाती स्वतंत्र शिक्का आणि कारभार सोपवणारा राजा अडाणी विलासी कसा असेल? 1971 मध्ये कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. 1979 मध्ये शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने तो राजा कादंबरीत आणला. पुढे दूरचित्रवाणी मालिका आणि 2025 चा हिंदी चित्रपट आले. आज ज्या संभाजीराजांच्या नावाने घोषणा दिल्या जातात, ते या संशोधनाने आपल्याला परत मिळवून दिलेले संभाजीराजे आहेत. आणि मिळवून देणाऱ्यांची यादी पाहिली तर आडनावावरून बाजू ठरवण्याचा उद्योगही तिथेच निकालात निघतो.

आता दंडेलीचा नियम बेंद्र्यांनाच लावून पाहू. 1933 मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले. तोवर शिवाजी महाराज म्हणून घरोघरी जे चित्र मिरवत होते, ते प्रत्यक्षात दुसऱ्याच कुणाचे, एका मुसलमान सरदाराचे होते. ज्या चित्राला लोक हार घालत होते, ते तुमच्या राजाचे नाहीच, असे सांगणारा माणूस! भावना दुखावणे हाच गुन्हा असता आणि तो ठरवण्याचा अधिकार जमावाला असता, तर त्या वर्षी बेंद्र्यांच्या तोंडाला काळे फासले गेले असते. 1960 मध्येही तेच झाले असते, कारण गडकऱ्यांची भाषा हृदयाशी धरणारा मोठा मराठी वर्ग होता आणि आवडत्या नाटकाचा पाया पोकळ आहे असे ऐकणे त्यालाही रुचणारे नव्हते. त्या दोन्ही वेळी या नियमाचे राज्य नव्हते, म्हणून आपल्याला खरे चित्र मिळाले आणि खरा संभाजीही मिळाला. मागच्या पिढीने संशोधकाला जी मोकळीक दिली, तिची फळे आपण खात आहोत आणि तीच मोकळीक पुढच्या पिढीला नाकारत आहोत.

यावर उत्तर येते, की संशोधन वाचतो कोण? पुतळा हलला की महाराष्ट्र हलतो. मान्य, गलबला होतो. पण त्यातून राजांच्या पदरी काय पडते? 2017 मध्ये गडकऱ्यांचा पुतळा पडला, तेव्हा बेंद्र्यांच्या ग्रंथाला 57 वर्षे आणि 'छावा' कादंबरीला 38 वर्षे झाली होती. 'राजसंन्यास'मधला संभाजी तोवर अभ्यासकांनी केव्हाच बाद केला होता. पुतळा पाडल्याने एकही नवा कागद उजेडात आला नाही, एका ओळीची भर पडली नाही. गडकरी 1919 मध्ये गेले. पुढे छापली गेलेली कितीतरी साधने त्यांच्यासमोर नव्हती, नाटकही त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्यांनी बखरीवर डोळे झाकून विश्वास ठेवला, हा दोष त्यांच्या पदरात घालायलाच हवा, आणि कठोरपणे घालायला हवा. पण त्यासाठी 'राजसंन्यास' वाचावे लागते, बखर वाचावी लागते, बेंद्रे वाचावे लागतात. पुतळा पाडणारा या तिन्हींतून स्वतःची सुटका करून घेतो.

5 जानेवारी 2004 चा प्रसंग तर याहून गंभीर. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकात एक विधान निव्वळ थट्टामस्करीच्या, ऐकीव कुजबुजीच्या आधारावर आले होते. ते बेजबाबदार होते आणि त्याचा समाचार घेणे आवश्यकच होते. पण झाले काय? पुस्तक मागे घ्या, अशी मागणी अभ्यासकांनीही केली आणि 2003 च्या नोव्हेंबरातच प्रकाशकाने ते बाजारातून काढून घेतले. ही मागणी मला तेव्हाही पटण्यासारखी नव्हती आणि आजही नाही. विद्वानाने पुस्तकाला उत्तर द्यायचे असते. त्यानेच पुस्तक हटवा म्हटले की पुढच्या माणसाला दगड उचलायला वेगळी परवानगी लागत नाही. त्यानंतर लेन यांना साहाय्य केल्याच्या कारणावरून एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले आणि पाठोपाठ 1917 पासून उभ्या असलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला. कपाटे फुटली, पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर आले. ज्या सामग्रीतून खोट्या विधानाला उत्तर लिहायचे, तीच पायाखाली तुडवली गेली. राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. या साऱ्यातून शिवाजी महाराजांच्या किंवा जिजाऊंच्या चरित्रावर प्रकाश पडेल असे काय हाती लागले? लागला तो एकच धडा, की हा विषय हात पोळणारा आहे आणि शहाण्याने त्यापासून दूर राहावे. हुशार विद्यार्थी विषय निवडताना हा धडा लक्षात ठेवतात. त्याचे नुकसान राजांनाच होते.

दुसरा आक्षेप 2025 च्या त्या हिंदी चित्रपटाच्या बाजूने येतो. तपशिलांची चिरफाड कसली करता, इतिहास घराघरांत पोचला हे काय थोडे आहे? चित्रपटाने लाखो लोकांच्या मनात या राजाविषयी प्रेम जागवले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुखावण्याचा नियम एकदा मान्य केला की तो भक्तिभावाने काढलेल्या चित्रपटालाही सोडत नाही, हेही त्याच चित्रपटाने दाखवले. आधी राजे लेझीम खेळतात म्हणून आक्षेप निघाला आणि ते दृश्य कापले गेले. मग गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्यातले वंशज पुढे आले आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. संगमेश्वरी 1 फेब्रुवारी 1689 रोजी राजे पकडले गेले, त्यामागे कुणाची फितुरी होती? लोकसमजूत शिर्क्यांकडे बोट दाखवते. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तां याची रोजनिशी दरबारातल्या ब्राह्मणांकडे बोट दाखवते. दोन्हींचा पुरावा तोलून पाहावा लागेल, आणि निष्कर्ष कोणताही निघाला तरी कुणाचे तरी वंशज आज हयात आहेत. प्रत्येकाच्या दुखावण्याला नकाराधिकार दिला तर संगमेश्वरला काहीच घडले नाही, एवढेच सांगण्याची मोकळीक उरते.

आणि तपशील नगण्य नसतात. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याची लूट दाखवली होती. तो पाहून मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडच्या पायथ्याशी माणसे रात्री दिवे आणि चाळण्या घेऊन शेते खणू लागली, मोगलांचे सोने सापडेल म्हणून. पडद्यावरचे लोक खरे मानतात, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? त्याच महिन्यात खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचा वाद चिघळला, 17 मार्चला नागपुरात दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि माणसाचा जीव गेला. चित्रपटाने लोकांचा औरंगजेबाविषयीचा राग उफाळून आला, असा उल्लेख विधानसभेतही झाला. मी चित्रपटावर बंदी मागत नाही, तशी मागणी या लेखाच्या पायावरच घाव घालील. मी एवढेच म्हणतो, की ज्याचा एवढा परिणाम होतो त्याची तपासणीही तेवढीच व्हायला हवी, आणि ती करणाऱ्याला देशद्रोही किंवा धर्मद्रोही ठरवून गप्प बसवता कामा नये.

वढू बुद्रुकचे उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाने ध्यानात ठेवावे. तिथे राजांच्या छिन्न देहावर अंत्यसंस्कार कुणी केले? दलित समाजाची श्रद्धा आहे, की ते गोविंद गोपाळ महार यांनी केले. गावातल्या दुसऱ्या समाजाची परंपरा हा मान शिवले घराण्याला देते. दोन्ही बाजूंना हा वाद जीव की प्राण आहे, कारण दोघांनाही राजांशी असलेले नाते सांगायचे आहे. या प्रश्नावर कागद, सनदा, वतनांचे दाखले आणि तोंडी परंपरा एकत्र मांडून शांतपणे बोलता आले असते. त्याऐवजी 2017 च्या डिसेंबरअखेर तिथल्या फलकावरून तणाव वाढला आणि 1 जानेवारी 2018 रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. ज्या राजाच्या देहाला हात लावायला भीती वाटावी असा तो काळ, त्या काळात हात लावणाऱ्याची आठवण जपण्यावरून आपण एकमेकांवर दगड उचलले.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे. चिकित्सा आमच्याच दैवतांची का? चिकित्सा सगळ्यांचीच व्हायला हवी, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि जिथे ती होत नाही तिथेही मी हेच म्हणेन. पण दुसऱ्याच्या दारात अंधार आहे म्हणून आपण आपला दिवा विझवावा, हे कोणते तर्कशास्त्र? शिवाय चिकित्सेने राजे लहान होतील, ही भीतीच निराधार आहे. 1678 च्या डिसेंबरात युवराज संभाजी मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभराने परतले, हे सत्य आहे. भक्तिभावाने लिहिणारे काही जण हे प्रकरण गाळतात, काही जण त्याला थोरल्या महाराजांचाच डाव ठरवतात. कशासाठी? दरबारातल्या दुफळीने आणि घरातल्या ताणाने एकवीस वर्षांचा युवराज शत्रूच्या गोटात गेला, तिथले वास्तव पाहिले, परतला, आणि पुढे त्याच शत्रूपुढे न वाकता 11 मार्च 1689 रोजी मृत्यूला सामोरा गेला. हा प्रवास गाळला तर त्या मृत्यूची उंचीच कळत नाही. चुकणाऱ्या आणि स्वतःला सावरणाऱ्या माणसाचे धैर्य हे जन्मजात निर्दोष देवाच्या धैर्यापेक्षा मोठे असते.

धर्माच्या बाबतीतही तेच. अंबरच्या रामसिंहाला राजांनी लिहिलेल्या पत्रात धर्माचा अभिमान आहे, आणि त्याच पत्रात औरंगजेबाच्या मुलाला, शहजादा अकबराला, दिल्लीच्या तख्तावर बसवण्याची खटपटही आहे. ज्यांना फक्त धर्मयुद्ध हवे त्यांना पत्राचा उत्तरार्ध नको असतो. ज्यांना फक्त राजकारण हवे त्यांना पूर्वार्ध अडचणीचा होतो. राजांनी मात्र दोन्ही एकाच कागदावर लिहिले. तो कागद पुरता वाचणे, हा राजांचा सर्वांत मोठा सन्मान आहे.

म्हणून ज्या संघटनांना, पक्षांना आणि तरुणांना संभाजीराजांचा खरा अभिमान आहे, त्यांच्यापुढे माझी मागणी स्पष्ट आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. मोडी आणि फारसी शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या द्या. जयंतीच्या मिरवणुकीवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग एखाद्या दप्तराच्या छायाचित्रणाला लावा. पोर्तुगीज, डच आणि फ्रेंच साधने मराठीत आणणाऱ्यांना मानधन द्या. कुणी चुकीचे लिहिले तर त्याला पुराव्यानिशी असे उत्तर द्या, की त्याला पुढच्या आवृत्तीत स्वतःचे वाक्य बदलावे लागेल. आणि सरकारने, ते कोणत्याही पक्षाचे असो, संशोधकाच्या दारात जमाव आला तर आधी जमावाला आवरावे, संशोधकाला माफी मागायला लावू नये.

संभाजीराजांच्या नावावर उद्याही कुणीतरी खोटे लिहील. त्या दिवशी ते खोटे आहे हे सिद्ध करणारी माणसे आपल्यात असतील की नाही, हे आज आपण दगड उचलणारे तरुण घडवतो की कागद वाचणारे, यावर ठरणार आहे. बेंद्रे एकटे होते, तरी त्यांनी शतकभराची बदनामी पुसली. तसे शंभर जण तयार करण्याची ऐपत या महाराष्ट्रात आहे, आणि राजांवरचे आपले प्रेम खरे असेल तर ते तयार करण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही.